चिकटलेली पानं

एकविसावा पारा मिटून निकहतने तो कपाळाला लावला, वाचून झालेल्यांच्या ढिगावर ठेवला आणि लगेच दुसऱ्या ढिगाकडे हात नेला. तिथे एकच उरला होता. तेविसावा.

"मी घेते," ती म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली.

कुलसुम चाचीच्या बैठकीत बावीस बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधे पांढरी चादर, चादरीवर अगरबत्तीचा स्टँड, त्याच्या दोन बाजूंना दोन ढीग. चाचीचे नवरे, फुलचूर नाक्यावर सायकली दुरुस्त करणारे बशारत चाचा, जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याला त्यांच्या नावाने कुराण वाचायचं होतं. अख्खं कुराण एकटीदुकटीला एका दुपारी कुठून होणार? म्हणून त्याचे तीस भाग, तीस पातळ पातळ पुस्तकं, जमलेल्या बायांत वाटायची. प्रत्येकीने आपला पारा वाचला की बसल्या बैठकीत कुराण पूर्ण होतं, मग हात उचलून दुआ मागायची की याचा सवाब, याचं पुण्य, गेलेल्या माणसाला पोचो. पारे तीस आणि बाया बावीस, म्हणजे आठ जणींना दोन-दोन वाचणं आलं. सात जणी कुरकुरत तयार झाल्या होत्या. आठवी निकहत, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

"दो-दो! माशाल्लाह," कोपऱ्यातून आवाज आला. "नववीत आहे ना ही? आमची दहावीतली बघा, एकात झोपते."

"और दुपट्टा देखो. एक बाल नहीं दिखता. हयादार बच्ची है."

निकहतने मान खाली घातली, पण कान वरच होते. ओढणी दोन पिनांनी अशी बसवायला ती याच वर्षी शिकली होती. मागच्या वर्षापर्यंत तिची ओढणी बहुतेक वेळ सायकलच्या कॅरियरला असायची. याच वर्षी आणखीही बरंच झालं होतं. शाळेत प्रार्थनेनंतर सुविचार ती आता कागद न बघता सांगायची. वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला होता. लोकांपुढे आपला आवाज नीट निघतो, इतकंच नाही, तो लोकांना आवडतो, हे तिला कळलं होतं. आणि एकदा कळल्यावर ते विसरायचं कसं?

आज पारे वाटायचं कामही तिनेच अंगावर घेतलं होतं. चाचीने मात्र स्वतः मागून घेतला होता.

"मुझे बारहवाँ दे, बेटी. यूसुफ अलैहिस्सलाम का किस्सा उसी में शुरू होता है ना. ये पंक्चर बनाते-बनाते बच्चों को वही सुनाते थे."

तेव्हापासून चाची दाराजवळ तो पारा मांडीवर उघडून बसली होती.

तेविसाव्याची सुरुवात निकहतला तोंडपाठ होती, सूरे-यासीनचाच तो मोठा भाग. तिथे तिची जीभ नुसती धावली. पुढे मात्र अक्षराला अक्षर लावून वाचावं लागत होतं. आतल्या खोलीतून जर्द्याचा, गोड भाताचा वास यायला लागला. एकेक पारा मिटत गेला. कोणाची नात रडायला लागली, कोणी तिला बिस्किट दिलं. पाळीमुळे ज्यांना कुराणाला हात लावायचा नव्हता त्या, बावीस जणींबाहेरच्या दोघी चिंचोके मोजत कलमा पढत होत्या, त्यांचेही चिंचोके संपले.

आता सगळ्या बैठकीत एकच पारा उघडा होता.

बोलणं थांबलं. सगळेच डोळे काही तिच्याकडे बघत नसतील, पण तिला तसंच वाटत होतं. भिंतीवरच्या घड्याळात असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या, अजानला दहा मिनिटं उरली होती. अम्मी समोरच बसली होती आणि भुवई उचलून विचारत होती, किती राहिलं?

निकहतने पान उलटायला बोट घातलं तर पान जाड लागलं.

श्रावण होता. घरात कपडे वाळत नव्हते, मीठ पाझरत होतं. तीन पानं ओलीने चिकटून एक झाली होती. अंगठ्याने जरा चोळलं असतं तर ती सुटली असती. तिने अंगठा ठेवलाही. कोणीतरी घसा खाकरला. निकहतने तिन्ही पानं एकदम उलटली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

ओठ हलत राहिले. कोणाला काही कळलं नाही.

"हो गया?" हाजराबीने विचारलं. सगळ्यांत वयस्क त्याच, दुआ त्याच मागणार होत्या.

"हो गया," निकहत म्हणाली.

हाजराबीने हात उचलले. "या अल्लाह, ये पूरा कलामे-पाक जो पढ़ा गया, इसमें जो भूल-चूक हुई हो, माफ कर..." बाया आमीन म्हणत होत्या. ‘पूरा’ या शब्दाला निकहतचे हात खांद्यापासून छातीपर्यंत खाली आले, आणि ‘भूल-चूक’ला ते परत वर गेले. पण भूल कशी म्हणणार? भूल न कळत होते.

दुआ संपली तशी ताटं आली, गडबड झाली. नन्ही खालाने पारे गोळा करून आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत भरायला घेतले. पारे खालाच्या ताब्यात असायचे. ज्या घरी खतम, म्हणजे असं कुराणवाचन, असेल त्या घरी ती ट्रंक डोक्यावर घेऊन जायची, बायांना पाणी द्यायची आणि संध्याकाळी ट्रंक परत न्यायची. स्वतः कधी वाचायला बसायची नाही. बिड्या वळून पोट भरणारी बाई. कोणी पारा पुढे केलाच तर म्हणायची, "नको वो माय, माह्या हाताले तंबाखूचा वास." मोहल्ल्यातल्या मुली मागे हसायच्या की खालाला अलिफ-बेची अक्षरंही येत नाहीत, ट्रंकेची चौकीदार आहे नुसती. हसणाऱ्यांत निकहतचा आवाज बारीक नसायचा.

ती हात धुवायला उठली तेवढ्यात कुलसुम चाचीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. चाचीचे हात थंड होते.

"तूने दो पढ़े मेरे वास्ते. चालीस दिन से आँख नहीं लगी, बेटी. आज मुझे नींद आएगी."

आणि हे कमी होतं म्हणून हाजराबीने ताटावरूनच जाहीर केलं, "रमजान में छोटी बच्चियों का सबक ये लड़की लेगी. दोपहर को. क्यों, पढ़ाएगी ना?"

अम्मीच्या चेहऱ्यावर जे आलं ते निकहतने वक्तृत्वाच्या बक्षिसालाही पाहिलं नव्हतं.

तिने मान हलवली. हो.

*

सकाळी फजरच्या नमाजनंतर तिने घरातलं कुराण काढलं आणि सुटलेला मजकूर शोधून वाचला. सगळा वाचला, नीट वाचला. वाटलं होतं की आता हलकं वाटेल. वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे सारखी ती ट्रंक येत होती आणि ट्रंकेत तीन पानं, अजून चिकटलेलीच.

मधल्या सुट्टीत तिने स्नेहलला सगळं सांगितलं. स्नेहल पाचवीपासूनची मैत्रीण, विहारामागच्या गल्लीतली, आणि जिच्यापुढे काही सजवून सांगायची सोय नव्हती अशी जगातली एकच व्यक्ती. दोघी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या होत्या. स्नेहलने डब्यातलं अर्धं थालीपीठ तिच्या हातात दिलं आणि उरलेलं तोंडात कोंबलं.

"मंग वाचलं ना तू सकाळी? झालं तं. आता कायले रडून रायली?"

"रडत नाहीये मी."

"नाक लाल हाये."

"सर्दी आहे." निकहतने थालीपीठाचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. "चाची म्हणाली, आज झोप लागेल. माझ्यामुळे. आणि मी तिला फसवलं."

"आमच्या घरी वंदना राह्यते ना, तवा मी बी लय वेळा नुसते होठ हलवतो," स्नेहल म्हणाली. "आई समजते पोट्टी लय गुणाची. पण मी तं कोणाच्या नावानं नाई म्हणत. तुह्यावालं जरा मोठं हाये."

"बरं वाटलं ऐकून."

"मंग खोटं बोलू का? ते तुह्यावालं वक्तृत्व हाये का, टाळ्या वाजवाले?" तिने पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "आता काय करशील?"

"शाळा सुटली की खालाकडे जाते. म्हणते, सबकासाठी तेविसावा पारा हवाय. तिथेच बसून ती पानं सोडवते आणि वाचते. खालाला काय कळतंय."

"पण वाचलं ना तू एक डाव?"

"हो, पण ती पानं तर तशीच आहेत ना! उद्या कोणी उघडलं तर? पारे मीच वाटले होते, तेविसावा माझ्याकडे होता हे सगळ्यांना माहीत आहे."

स्नेहलने तिच्याकडे पाहिलं. डबा बंद करता करता, अगदी सहज, तिने विचारलं,

"म्हंजे तू तुह्या अल्लाले भेऊन रायली का खालाले?"

घंटा झाली म्हणून बरं झालं. नाहीतर निकहतला उत्तर द्यावं लागलं असतं.

भूगोलाच्या तासाला बाई इटियाडोह धरणाच्या कालव्यांबद्दल सांगत होत्या. निकहतने वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली, खोडली, परत लिहिली, परत खोडली. वक्तृत्वात तिला पाच मिनिटं कमी पडायची. इथे एका वाक्याचं उत्तर सुचत नव्हतं.

*

शाळा सुटल्यावर ती घरी गेली, वुजू केलं, म्हणजे कुराणाला हात लावण्याआधी धुतात तसे तोंड-हात-पाय धुतले, ओढणी बदलली आणि निघाली. वाचायला निघालो आहोत की पुरावा पुसायला, हे चालता चालता ठरवायचं असं तिने ठरवलं. खालाचं घर आलं तरी ठरलं नव्हतं.

ओसरीत सूप होतं. सुपात तेंदूपत्ता, कात्री, तंबाखू, अर्धवट वळलेली बिडी. खाला नव्हती. आतून कसलातरी बारीक आवाज येत होता, थांबत, अडखळत, परत मागे जाऊन तेच म्हणत. लहान मूल पाढे म्हणतं तसा.

निकहतने दारातून डोकावलं आणि तिथेच थांबली.

खाटेवर धुतलेलं पांढरं धोतर पसरलं होतं. त्यावर ट्रंकेतले बहुतेक सगळे पारे उघडून उभे केले होते, खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात त्यांची पानं हलत होती. खाटेच्या पायथ्याशी नन्ही खाला चटईवर बसली होती. पदर कपाळापर्यंत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, पुढे रेहलीवर, पुस्तक ठेवायच्या लाकडी घोडीवर, पारा. हातात खराट्याची एक काडी होती. ती काडी एका अक्षराखाली ठेवायची, ओठ जुळवायचे, अक्षर म्हणायचं, मग काडी पुढे.

"खाला, तुम्ही वाचता?"

खालाने आयत पूर्ण केली. मग चष्म्यावरून पाहिलं.

"नाई. माशा हाकलून रायली. चप्पल बाहेर काढ."

निकहतने चप्पल काढली आणि आत येऊन चटईच्या कडेला बसली. खाला मूळची कामठ्याची; मोहल्ल्यात सगळे हिंदी बोलत, ही मात्र गावची बोली सोडायची नाही. तिची दुआसुद्धा अर्धी झाडीबोलीत असायची.

"पण खतमला तर तुम्ही कधीच वाचत नाही."

"तिथं बाया रेलगाडीवानी वाचतेत. माही बैलबंडी. माह्यासाठी एवढ्या बायांनी ताटं थंडी करत बसाचं का? चाळीस वर्साची झाल्यावर शिकली मी. माह्या पोरीच्या अलिफ-बेच्या कायद्यावरून, तिच्या मांगं बसून." खाला जराशी हसली. "अडखळत वाचते त्याले दुप्पट सवाब राह्यते म्हणतेत. मंग माह्यावाला कायचा घाटा? तुमी पोट्ट्या हुशार, तुमाले एकच."

आपण हसायचो ते खालाला माहीत असेल का? निकहतने खालाच्या चेहऱ्यात शोधलं. तिथे काही नव्हतं, नुसता घाम होता.

"तू कायले आली?"

"तेविसावा पारा..." पाठ केलेलं वाक्य तोंडात होतं, पण त्याला पाय फुटेनात. "सबकासाठी हवा होता."

खालाने समोरच्या रेहलीकडे बोट केलं. "हाच तं हाये."

निकहतने पाहिलं. तीन पानं सुटी झाली होती. त्यांच्या कडांना अजून ओलीचे पिवळट डाग होते आणि तिसऱ्याचा कोपरा जरासा फाटला होता.

"बरसातीत पानं चिकटतेत," खाला म्हणाली. ती निकहतकडे बघत नव्हती. काडीने चटईवरचा कण बाजूला करत होती. "म्हणून परत्येक खतमनंतर ट्रंक रिकामी करतो, पारे वाळवतो. जे पान वाचून झालं ते सुटलं राह्यते. जे नाई सुटलं ते मी वाचून टाकतो."

"प्रत्येक वेळी?"

"कवा तीन पानं, कवा धा. कोणाचं पोट्टं रडते, कोणाची डाळ चुलीवर राह्यते. चालाचंच."

"आणि कोणाला सांगत नाही?"

"कोणाले सांगाचं? ज्याले मालूम पाह्यजे त्याले हाये."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. निकहतला वाटलं, आता खाला म्हणेल. आता नाव घेईल. कालच्या बैठकीतले सगळे चेहरे तिला एकदम आठवले, अम्मीचा सगळ्यांत आधी.

"तेविसाव्याची माहीच चूक हाये," खाला म्हणाली. "ट्रंक मी मोरीजवळ ठेवली होती, तिथं ओल लय. घाईत वाचणाऱ्याले समजत नाई पान जाड लागलं का पातळ. तुले बी समजलं नसंल."

आणि ती थांबली.

दार उघडंच होतं. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं, तेही नाही, नुसती मान हलवायची होती, काल हाजराबीसमोर हलवली होती तशी. मग पारा घेऊन घरी जायचं. कोणाला कधीच काही कळलं नसतं. खालाने तिच्या हातात ते आयतं देऊन ठेवलं होतं.

निकहतने चटईची एक काडी नखाने उचकटली, परत बसवली.

"समजलं होतं," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच अनोळखी वाटला. तिने घसा साफ केला.

"मला समजलं होतं, खाला. अंगठाही ठेवला होता मी. सगळ्या बघत होत्या म्हणून मुद्दाम उलटलं. आणि आत्ता सबकासाठी नाही आले. कोणाला कळू नये म्हणून आले."

खालाने काडी खाली ठेवली. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. निकहतला वाटलं होतं, खरं सांगितलं की रडू येईल. स्पर्धेतल्या गोष्टींमध्ये तसंच असायचं. रडू आलं नाही. उलट भूक लागल्यासारखं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"रमजानात पोट्ट्यांले शिकवणार हायेस म्हणे," खाला म्हणाली.

"नाही शिकवणार. मी हाजराबीला जाऊन सांगते."

"कायले? अलिफ-बे येत नाई का तुले?"

निकहतने चमकून वर पाहिलं. खालाच्या ओठाचा एक कोपरा हलला होता की नाही, सांगता आलं नसतं.

"शिकव. हळू शिकव. वुजू हाये का?"

"आहे."

खाला उठली, गुडघ्यावर हात ठेवून, ‘या अल्ला’ म्हणत. खाटेवरून तिने एक पारा उचलला. बाकीच्यांची पानं वाऱ्यात फडफडत होती. हा मिटलेलाच होता. तिने तो निकहतच्या हातात दिला.

"हा राह्यला हाये."

निकहतने पुठ्ठा उघडला. पहिलं पान सुटं होतं. त्यापुढचं एकही नव्हतं. सगळा पारा एक गठ्ठा झाला होता, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. पहिल्या पानावर मधोमध दोन-तीन ठिकाणी कागद फुगून गोल उठला होता. पागोळीचं पाणी असं थेंबाथेंबाने पुस्तकाच्या मधे पडत नाही.

तिने वरचा आकडा वाचला. बारा.

दाराजवळ बसलेली चाची. मांडीवर उघडा पारा. दुपारभर तेच पान. सगळ्यांना वाटलं होतं, हळू वाचते आहे.

"खाला, हा तर..."

"मी विचारलं नाई," खालाने मधेच तोडलं. "तू बी नको सांगू. हातात कोणाच्या होता, ते या पुस्तकात कुठं लिवलं हाये का?"

निकहतने पारा मिटला. छातीशी धरला. नंतर म्हणाली,

"मी घेऊन जाऊ?"

खालाने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर आभाळाकडे. कोपऱ्यातल्या खुंटीवरून हिरव्या कापडाची एक खोळ काढली, पारा तीत घातला आणि नाडी दोनदा गुंडाळली.

"छातीशी धरून ने. पानी येऊन रायलं."

*

इद्दत, नवरा गेल्यावर घरात राहायची मुदत, चालू होती, त्यामुळे कुलसुम चाची घराबाहेर पडत नव्हती. बैठकीतली चादर काढून झाली होती. कालची गर्दी गेल्यावर ती खोली फार मोठी दिसत होती. चाची सुपात तांदूळ घेऊन खडे बघत होती, पण खड्यांचा ढीग कुठे दिसत नव्हता.

"आ, बेटी. अम्मी ने भेजा?"

"नाही. मीच आले." निकहत उभीच राहिली. रस्त्यात तिने दोन भाषणं तयार केली होती, सुरुवात, मध्य, शेवट, सगळं. दोन्ही आता निरुपयोगी वाटली. "रात को नींद आई, चाची?"

चाचीने तांदळात हात फिरवला.

"थोड़ी-सी."

म्हणजे नाही. निकहत खाली बसली. खोळीची नाडी सोडली, पारा बाहेर काढला आणि सूप बाजूला सरकवून दोघींच्या मधे ठेवला. चाचीने पुठ्ठ्यावरचा आकडा पाहिला. तिचा हात तांदळातच राहिला.

"यही क्यों लाई?" तिने हळूच विचारलं.

"खालाने दिला. ओल लागली आहे, पानं सोडवायची आहेत." निकहतने नजर पाऱ्यावरच ठेवली. "और चाची, मला तुमची मदत पाहिजे. काल मी फार घाई केली. मी नीट वाचलंच नाही. एकटी बसले की माझी जीभ पळते, मधलं सुटून जातं. तुम्ही बोट ठेवाल? जिथे तुमचं बोट तिथेच मी. बोट पुढे गेल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

चाचीने तांदळातला हात बाहेर काढला. निकहतला वाटलं, चुकलंच आपलं. समोरच्या रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत गेलं.

मग चाची उठून आत गेली. मोरीत लोट्याने पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा, थांबून परत एकदा, आणि नंतर बराच वेळ. निकहतने तेवढ्यात अंगठ्याने पहिल्या दोन पानांची कड अलगद चोळली. लगेच सुटली नाहीत. तिने ओढली नाहीत, चोळत राहिली. एका कोपऱ्याकडून जराशी फट पडली, मग फट वाढत गेली, आणि कागदाने बारीक कुरकुर करत एकमेकांना सोडलं.

चाची आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. पदर डोक्यावरून पुढे ओढून ती निकहतच्या शेजारी बसली, समोर नाही. दोघींनी बिस्मिल्ला म्हटली. चाचीने पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

बोट तिथेच राहिलं.

तो शब्द निकहतला येत होता. पुढचाही येत होता, आणि त्याच्या पुढचाही. जिभेवर तिन्ही रांगेत उभे होते. तिने दात मिटले. बोट शब्दावरून घसरलं, परत जागेवर आलं. निकहत थांबली. बाहेर पाऊस सुरू झाला, पत्र्यावर त्याचा आवाज वाढला, तरी ती थांबली.

बोट हललं तेव्हा पहिला आवाज चाचीचा होता.